दोन वजनं सारखी

...आणि वर साहेब म्हणतात, "त्यात काय, पाणी तर घालवायचंय!" घालवायचंय! पाणी म्हणजे काय पाहुणा आहे, चपला घालून निघायला?

तुम्हाला सांगतो, सात वर्षं या प्रयोगशाळेत तात्पुरता आहे मी. आज साहेबांसमोर परीक्षा. जमलं तर कायम, नाहीतर सोमवारपासून घरी! आणि परीक्षा कसली? मोरचूद वाळवायचा! ते निळे खडे हाताला कोरडे ठणठणीत, पण पाणी आत दडलेलं! तापवलं की ते उडतं, पूड पांढरीफटक पडते. तापवा, बंद बरणीत थंड करा, तोला, पुन्हा तापवा... कुठवर? तर दोन वजनं सारखी येईपर्यंत!

निघताना बायको म्हणाली, "हे बघा, रडायचं असेल तर घरी येऊन रडा." तिचंही बरोबर आहे हो, आमचे डोळे म्हणजे गळका नळ! शेजाऱ्यांची मुलगी पास झाली तरी मी रुमाल शोधतो.

पहिलं वजन झालं. साहेब नाकातून, "पंखा बंद करा, काटा हलतोय." केला! दुसरं वजन... कमी. म्हणजे पाणी आहेच! तिसरं... अजून कमी! अहो, चिमूटभर पूड, तिच्यात पाणी असावं तरी किती? आणि जास्त तापवावं तर काळी पडणार! "होतंय ना?" "होतंय, साहेब!" माझ्या तोंडचं पाणी केव्हाच पळालं, पुडीतलं हलेना!

चौथं वजन. आकडा थरथरला... थांबला. तिसऱ्याइतकाच! दोन वजनं सारखी! साहेब चक्क हसले हो, सात वर्षांत पहिल्यांदा! "शाब्बास. झाकण काढा, एकदा बघतो आणि सही करतो."

काढलं. वाकलो. पांढरीशुभ्र पूड! आणि ती सात वर्षं अशी भरभरून आली डोळ्यांपुढे, की...

टप्प!

मधोमध निळा ठिपका.

साहेबांनी पेनला टोपण लावलं. "पाणी आहे. तापवा."

हसताय काय! मघाशी बायकोचा फोन. "झालं का हो?" म्हटलं, "झालं होतं..." तिनं लगेच ओळखलं, "घरी येऊन रडा म्हटलं होतं ना!"

आता पुन्हा आच, पुन्हा बरणी, पुन्हा काटा. येतील हो, दोन वजनं सारखी येतील. पाण्याचं काय, ते जाईल उडून. माझं मीठ मात्र आता वजनात धरावं लागणार!