तीन ग्रॅम जास्त

हॅलो?… हां, बोगुशा, बोल. जरा मोठ्याने बोल, फोन ओट्यावर ठेवलाय, माझे हात पिठात आहेत… पिएरोगी करतेय, सारण भरून. अगं, रडतेस कशाला?… नकली? काय नकली?… तुझ्या कलिनाची चांदीची नाणी? पहिल्या ख्रिस्तप्रसादाला आपल्या भावाने, वेशेकने दिली ती?… धर्मबापाची भेट तुम्ही काट्यावर घातलीत? कुठल्या काट्यावर?… खसखस मोजतेस त्या? वा!

हो, हो… अगं ऐक ना… बरं, एक नाणं एकतीस ग्रॅम भरलं. मग?… नाण्यावर लिहिलंय एक औंस, आणि झेनेकचा मोबाइल म्हणतो औंस अठ्ठावीस ग्रॅमचा. म्हणजे तीन ग्रॅम जास्तच आले की! तुझा नवरा बोंबलतोय कशाला?… काय?… ‘फुकट जास्त कोण देतं, म्हणजे आत शिसं असणार’? धन्य आहे!

अगं, तो अठ्ठावीसवाला पीठ-लोण्याचा औंस. सोन्याचांदीचा वेगळा असतो. ट्रॉय औंस. एकतीसला किंचित वर… मी कुठली शहाणी! वेशेक क्राकोवच्या दुकानात विचारून आला होता, त्यानेच सांगितलं. तुम्ही विचारलं असतंत तर तुम्हालाही सांगितलं असतं. जन्मभर ‘वीस डेको हॅम द्या’ म्हणत दहा-दहा ग्रॅमात मोजणारा माणूस, त्याने औंसात नाक खुपसायचंच कशाला?

…काय म्हणाला त्याला? भामटा?… फोनवर? कलिनासमोर?… तरीच! वेशेक सकाळपासून तोंड शिवून आहे. मला वाटलं, नॉर्वेला कामावर परत जायचंय म्हणून. आणि म्हणतंय कोण! माझ्या पोराला, यारेकला चांदीचे म्हणून चमचे दिले झेनेकने, ते पहिल्याच बोर्श्टच्या आंबट सुपात पिवळे पडले. आम्ही बोललो का काही?

बरं, पुरे. नाणी पोरीला परत दे… का नाही?… काय कापलं?… नाणं?… करवतीने?!… मग, निघालं शिसं?… आतही चांदीच ना! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा… कलिना कुठेय?… पलंगाखाली? अगं, पोरीचा ख्रिस्तप्रसादानंतरचा पांढऱ्या झग्याचा आठवडा अजून संपला नाही आणि बापाने करवत काढली! मला भयंकर राग आलाय, बोगुशा.

नाही, मी नाही वेशेकची समजूत काढणार. संध्याकाळच्या बसने जाईल तो, मग नाताळपर्यंत तोंड दिसणार नाही. झेनेकनेच माफी मागायची. आत्ता… वेशेक घरी नाही कसा? इथे माझ्यासमोर बसलाय, पिएरोगीच्या कडा दाबतोय. सगळं ऐकलंय त्याने… दे झेनेकला फोन.

वेशेक, बस रे. मेव्हणा आहे, चुकला. बोलू दे त्याला.

हां, झेनेक… ऐकतोय तो. दोनच शब्द म्हणायचेत… हं… हं… काय?… कापलेलं नाणं दुकानदार बदलून देईल का, जाता जाता विचारून ये? अरे माणसा, तुला—

वेशेक! थांब, बंद नको—

हॅलो?… हॅलो?…

बरं केलंस.