उशांचं वजन

“हॅलो?… हां, बोल गं. कुजबुजतेस कशाला?”

पार्सलच्या काउंटरवर बसणाऱ्या ताईने फोन खांद्याला दाबला आणि समोरच्या काकांचं खोकं काट्यावर ओढलं. पलीकडे धाकटी बहीण होती.

“नाही, तुझं खोकं आलं नाही अजून. मधल्या गोदामात अडकलंय… पैसे कमी पडले म्हणून… हो गं, उशा हलक्याच असतात! पण तिथलं मशीन नुसतं वजन बघत नाही. लांबी, रुंदी, उंची मोजतं. गाडीत जागा किती खाल्ली, त्याचेही पैसे लागतात. कापूस असो नाहीतर लोखंड… पण मला उशा कशाला? मी काय विटेवर डोकं ठेवून झोपते?… काय?… उशीत शिवलंय?”

ताईने आवाज उतरवला.

“तुझी सर्टिफिकेटं? आणि पोरीचा जन्मदाखला?… अगं वेडे, एका पाकिटात स्वस्तात आले असते!… हो, हो… पाकीट दिसलं तर तुझ्या नवऱ्याने विचारलं असतं. जुन्या उशांना कोण विचारतं. खरंय… अगं ऐक ना. पाठवणाऱ्याचा मोबाईल नंबर कुणाचा लिहिलास?… सवयीने म्हणजे?… नवऱ्याचा?”

हातातली चिकटपट्टी हातातच राहिली.

“गॅसला त्याचा, शाळेत त्याचा, आणि पळून जायच्या खोक्यावरही त्याचाच! अगं, उरलेले पैसे भरा असा मेसेज पाठवणाऱ्याला जातो. माझ्या पत्त्यासकट… रडू नकोस. त्याचा फोन आला होता?… काय म्हणाला?… नुसतं ‘घरीच थांब’?… ओरडला नाही?… नाही गं, हे चांगलं नाही. तो न ओरडणं चांगलं नाही… खोकं गेलं खड्ड्यात. कागद पुन्हा काढता येतील. पोरीला उचल आणि नीघ… कपडे कसले भरतेस? चपलासुद्धा राहू देत!… काय वाजलं?… कुलपात किल्ली?… मागचं दार, अगं मागचं दार—

“हॅलो?… हॅलो?… कोण, भावोजी?… हो, मीच… भरलेत तुम्ही पैसे?… खोकं परत घरी बोलावलंत?… उशांचं राहू द्या. तिला फोन द्या… पोरगी का रडतेय?… भावोजी, तिला फोन द्या—”

फोन कट झाला. ताईने शटरची दांडी उचलली.

“काका, गाडी आणलीय ना? खोकं राहू द्या इथंच. आधी पोलीस चौकीवर चला.”