म्वालिमू कोण, असे विचारत आलेल्यांबाबत

मी, क्लेमेंट थोया बाया, वय ५१, धंदा मालिंदीच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर, राहणार संत मोनिका चर्चचे आवार, पत्र्याची दुसरी खोली, चुम्वीनी, आज सोमवारी दुपारी आपण होऊन चौकीवर आलो आहे. सार्जंट अकोथ यांच्यासमोर बसून सांगतो की,

माझी तक्रार कसाव्याबद्दल आहे. काल रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर मी कसाव्याचे कंद सोलून अंगणात चटईवर वाळत घातले होते. नंबराची पाटी नसलेली एक पांढरी मोटार त्यावरून आधी पुढे व नंतर मागे गेली. कसाव्याचे पीठ जागच्या जागी झाले. मोटारीतील तीन इसमांनी अंगणात शिरण्यापूर्वी "होदी" अशी हाक दिली नाही. कुंपणाशी थांबून होदी म्हणावे आणि आतून "करीबू" आल्यावाचून पाऊल टाकू नये, हा नियम आमच्याकडे शेळ्या वगळता सर्वांना बंधनकारक आहे. त्याचा उघड भंग झाला असून तशी नोंद व्हावी.

सार्जंटबाईंनी विचारले, "म्वालिमू, एवढ्या उन्हात चालत आलात ते कसाव्यासाठी?"

मी म्हणालो, सुरुवात कसाव्यापासून करू.

त्या म्हणाल्या, "करा बाबा. पण पेन माझं आधीच अडखळतंय."

आवारातील पहिल्या खोलीत काहिंदी चेंगो, वय ६३, हे पत्नी सिदी हिच्यासह राहतात. ते चर्चचे धर्मशिक्षक. मुलांना प्रार्थना शिकवणे, लग्न ठरलेल्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणे आणि मिस्सेनंतर सूचना वाचणे ही त्यांची कामे. आमच्याकडे जो शिकवतो तो म्वालिमू, मग तो शाळेतला असो की चर्चमधला. मी तरुणपणी पाद्री होण्यासाठी पुण्याला गेलो होतो. पाद्री झालो नाही, संस्कृत तेवढे अंगाला चिकटले. परत येऊन काही वर्षे चर्चच्या शाळेत शिकवले. शाळा सुटली, उपाधी सुटली नाही. त्यामुळे म्वालिमू हा शब्द आमच्या अंगणात द्विवचनी चालवावा लागतो.

"हे लिहू?" असे सार्जंटबाईंनी विचारले. लिहावे, पुढे लागेल, असे मी सांगितले.

चर्चने गावासाठी विहीर खणली होती. पाणी गोड होते. मिठागरवाल्यांनी आपला बांध पुढे सरकवला, आणि पाण्याची चव अशी झाली की न्येवूबाई आपल्या टपरीवर चहात साखर घालून थकली. आमच्या चर्चचे फादर केंगा यांनी अर्ज केले, वकील गाठला, बिशपांना सांगितले. उत्तर आले नाही. तेव्हा काहिंदींनी एक गोष्ट केली. लग्न ठरले की चर्चमध्ये तीन रविवार ओळीने पुकारतात, कोणाची हरकत असल्यास सांगावी म्हणून. काहिंदींनी एका रविवारी हरवलेल्या करड्याची सूचना वाचली, एका लग्नाचा पुकारा केला, आणि त्याच आवाजात पुढे वाचले, "मिठागराचा बांध आणि चुम्वीनीची जमीन यांचा संबंध जुळवण्याचे घाटत आहे. कोणाची हरकत असल्यास सांगावी. ही पहिली वेळ."

मग मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून म्हणाली, "माझी आहे! पोरगीला विचारलंय का कोणी?" त्यानंतर सगळे चर्च उभे राहिले. पुढच्या रविवारी, म्हणजे काल, दुसरा पुकारा झाला, तेव्हा माणसे पार रस्त्यापर्यंत होती, मशिदीतलीही काही आली होती. तिसरा पुकारा येत्या रविवारी आहे. तो झाला की सगळ्यांनी मिळून बांधावर जायचे, असे ठरले आहे.

मी वार्ताहर असल्याने पहिल्या पुकाऱ्यानंतरच हे माझ्या सदरात छापले. बांधाला परवानगी कोणी मिळवून दिली, तेही लिहिले. त्यात काउंटीच्या सभेतील एका सभासदांचे नाव होते. ते नाव मी इथे घेणार तोच सार्जंटबाईंनी पेन वर उचलले आणि म्हणाल्या, "ते मला ऐकू आलं नाही. पुढे बोला." म्हणून पुढे बोलतो.

सदराखाली मी स्वतःचे नाव घालत नाही, म्वालिमू अशी सही करतो. अंक आला त्या दिवशी काहिंदी माझ्या दारात येऊन म्हणाले, "थोया, लिहिलंस ते झकास. पण खाली म्वालिमू कशाला? बाजारात लोक माझी पाठ थोपटतायत. मी आपली थोपटून घेतोय."

मी म्हणालो, "माझ्या वाटणीच्या थापा वेगळ्या ठेवा."

ते म्हणाले, "गोड गोड माझ्याकडे, कडू तुझ्याकडे पाठवीन." सिदीकाकू आतून म्हणाल्या, "दोघंही गप्प बसा आणि जेवा."

काल मोटार आधी न्येवूबाईच्या टपरीपाशी थांबली. एकाने विचारले, "म्वालिमू कुठे राहतो? तो लिहिणारा." न्येवूबाईच्या लेखी लिहिणारा म्हणजे काहिंदी, कारण तिच्या पोरांच्या बाप्तिस्म्याचे दाखले आणि नवऱ्याला धाडायची पत्रे तेच लिहितात. तिने पहिली खोली दाखवली. त्या माणसाच्या हातात घडी घातलेले वर्तमानपत्र होते. न्येवूबाईला वाचता येत नाही, परंतु त्याच पानात ती तळलेली माहामरी गिऱ्हाइकांना बांधून देते, त्यामुळे सदरावरचे चित्र तिने ओळखले.

सार्जंटबाईंनी विचारले, "मग त्यांना नक्की कोणता म्वालिमू पाहिजे होता?"

मी म्हणालो, ते सापडल्यावर त्यांनाच विचारावे.

मोटारीचा आवाज आला तेव्हा मी खोलीत होतो. होदी ऐकू न आल्याने उठलो नाही. गॅसचे सिलिंडर आले असावे असे वाटले. शेजारच्या दारात एकाने विचारले, "म्वालिमू तूच का?" काहिंदी म्हणाले, "हो, मीच. कोट घेतो." मी बाहेर आलो तोवर मोटार मागे वळत होती. मी "कसावा! अहो, कसावा!" असे ओरडलो. मागच्या काचेतून काहिंदींनी मला हाताने खूण केली, आत जा अशी. ती मी "राहू दे तो कसावा" अशी समजलो.

सिदीकाकू तेव्हा मागे चुलीशी होत्या. त्यांना मी सांगितले की चौकीवर काही विचारायला नेले असेल. काल संध्याकाळी फादर केंगा इथे येऊन गेले, तेव्हा या चौकीने कोणालाही आणलेले नाही असे त्यांना सांगण्यात आले. मालिंदीतही नाही म्हणाले. इस्पितळातही नाही. काहिंदींचा फोन बंद आहे. त्यांचा चष्मा घरीच राहिला. तो सिदीकाकूंनी माझ्यापाशी दिला आहे, तुमच्याकडे असतील तर द्यावा म्हणून. मी तो टेबलावर ठेवला. सार्जंटबाईंनी तो परत माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "इथे नाहीत हो ते. खरंच नाहीत. असते तर मी तुम्हाला खिडकीतून तरी दाखवले असते." सार्जंटबाई आमच्या चर्चच्या गायनमंडळात गातात, काहिंदींच्या मागच्या रांगेत. हे वाक्य लिहीत नाही असे त्या म्हणाल्या, मी लिहा म्हटले.

येथवरचा मजकूर सार्जंटबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. काही राहिले का, असे त्यांनी विचारले. सही करण्यापूर्वी मी एक दुरुस्ती सांगितली, ती अशी. दारातला प्रश्न मी अर्धाच सांगितला होता. पुरा प्रश्न असा होता, "म्वालिमू तूच का, पेपरात लिहिणारा?" आणि त्यावर काहिंदी हो म्हणाले. पेपरात कोण लिहितो हे त्यांना ठाऊक होते, आणि मी भिंतीपलीकडे आहे हेही ठाऊक होते. ते लोक मला न्यायला आले होते. नेलेला माणूस तो नव्हे हे त्यांना कळले तर ते त्याला सोडतील, की न सोडण्याचे तेच कारण होईल, हे मला समजत नाही. मला भीती वाटते. सिदीकाकूंना मी यातले अजून काही सांगितलेले नाही.

सही: क्लेमेंट थोया बाया