हवामानरावाचं ऊन

आशाबाई : ...आन् तुमी वर पाहून पाहून मान मोडून घ्या. इथी धान कापून वावरात, बांधीत पडलं आहे, त्याच्याकडे पाहा जरा.

वामनराव : धानासाठीच पाहून राह्यलो ना, आशा. ते पाह्य, घोड्याच्या शेपटीवानी पांढऱ्या रेघा. लई उंचावरचे ढग. त्यायच्यातून पाणी नाई पडत, पण मागून कोण येऊन राह्यलं त्याची वर्दी देतात. आज तं सूर्याले खळं बी पडलं.

आशाबाई : मंग पाणी येईन?

वामनराव : आता हे दुधाच्या सायीवानी पसरन. मंग खाली उतरून राखेवानी होईन. गडगडाट नाई, वीज नाई, निस्ती झड. कापलेलं धान जाग्यावरच कोंब धरन.

आशाबाई : तं गावाले सांगा ना! सारं गाव कापून बसलं आहे.

वामनराव : मी सांगू? गाव मले वामनराव नाई, हवामानराव म्हणते. आपल्या पोरीच्या, पुनमच्या लग्नात काय सांगतलं होतं मी?

आशाबाई : कापसाचे ढग आहेत, गरीब आहेत, काई करत नाईत.

वामनराव : आन् तेच ढग दुपारून फुलकोबीवानी वर चढत गेले. माथा लोहाराच्या ऐरणीवानी सपाट झाला. तवाच पळाले पायजे होतं. मी पाहुण्यायले ढगायचे प्रकार समजावून राह्यलो होतो. मांडव उडाला तरी माझं वाक्य संपलं नव्हतं.

आशाबाई : बुंदीची आमटी झाली.

वामनराव : पोळ्याले पाणी येईन म्हणलो, तं लोकायनं बैल गोठ्यातच सजवले. दिवसभर कडक ऊन. त्या दिसापासून बैल बी माझ्याकडे तिरपे पाहतात.

आशाबाई : पण आज पक्कं?

वामनराव : आज मले भेव वाटून राह्यलं. त्या दोन्ही खेपेले नव्हतं वाटलं. तवा मी लई खुशीत होतो.

आशाबाई : मंग तोंड उघडू नका. मी हापशीवर जाऊन येतो.

वामनराव : अवं, घागर तं इथीच राह्यली!

देवाजी : ओ वामनराव! आहे का घरी? तुमच्या बाई आत्ता हापशीवर सांगून राह्यल्या होत्या, का तुमी म्हणता आठ दिवस कडक ऊन. थेंब नाई. सच्ची बात?

वामनराव : ऊन? मी म्हणलो?

आशाबाई : (मागोमाग येऊन) हो जी, सकाळीच नाई का म्हणले! सांगा देवाजीभाऊले.

वामनराव : ...हो. म्हणलो खरा. हे ढग म्हणजे निस्ती सजावट.

देवाजी : पक्का?

वामनराव : एकदम पक्का.

देवाजी : बस, खतम! (आपल्या घराकडे ओरडत) चंदा, ओ चंदा! ताडपत्र्या काढ! आपल्या प्रफुलले म्हण, ट्रॅक्टर बांधीवर आण! हवामानराव ऊन म्हणते, आजच्या आज सारं धान उचला!

वामनराव : (देवाजी गेल्यावर) आशा, हे काय केलं वं तू?

आशाबाई : तुमी पाणी म्हणले असते तं गावानं धान बांधीतच ठेवलं असतं. म्हून मी ऊन म्हणलं. दोर घ्या, आपलं बी उचलाचं आहे.

देवाजी : (बांधीवर) अरे, तुमी बी उचलून राह्यले?

वामनराव : मले बी माझ्यावर भरोसा नाई, भाऊ.

(झड उघडल्यावर. वामनरावाची ओसरी.)

देवाजी : काय पाणी, बाप रे! कुरखेड्याच्या रस्त्यानं पाहून आलो, बांध्यायमधी धान हिरवं होऊन राह्यलं. आपल्या गावाची एक पेंढी नाई भिजली. वामनराव, बुरा मत मानना, पण तुमी चुकले म्हून वाचलो. हे वडे देल्ले चंदानं. असेच चुकत जा!

वामनराव : प्रयत्न करतो, भाऊ.

आशाबाई : गेला हासत. अजी, डोळे काऊन पुसता? अजून फाटकाजवळच आहे तो. आवाज देऊ? सांगू त्याले खरं?

वामनराव : नको.

आशाबाई : काऊन?

वामनराव : मंग लोक माझं खरं मानतीन. आन् मले अजून तेवढं येत नाई.