आमच्या कारखान्यात मोठं कोण

अहो, राग नाही आलेला मला, पण सख्ख्या भाचीनं, जिला मी खांद्यावर बसवून फिरवलं, तिनं वहीत असं लिहावं? तुम्हीच सांगा! म्हणजे झालं काय, ही पोरगी कॉलेजात माकडाचा माणूस कसा झाला ते शिकते आणि तिला म्हणे दहा दिवस एक कळप बघायचा होता... कळप! म्हणाली, मामा, तुझ्या शिवणाच्या कारखान्यात येऊ का? म्हटलं, ये बाई. सहा मशिनी, आठ माणसं आणि सगळ्यांच्या वर मी, कटिंग मास्तर. तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं कात्री माझ्या हातात आहे, दुसऱ्या कुणाची बिशाद नाही हात लावायची. मोठं कोण हे शोधायला वही कशाला लागते?

तर ही कोपऱ्यात स्टुलावर बसून नुसत्या रेघा मारतेय. कोण कुणाला जागा देतं, डब्यातलं कोण कुणाला देतं, काही करायच्या आधी कोण कुणाकडे बघतं. माणशी एक पान, आणि ज्याच्याकडे बघितलं त्याच्या पानावर एक रेघ. मीही त्या दिवसांत जरा जास्तच ओरडून घेतलं, खोटं कशाला बोलू, आणि इस्त्रीचा शर्ट घालून गेलो रोज. नोंद व्हायचीच आहे तर नीट होऊ दे की!

चौथ्या दिवशी शाळेच्या गणवेशांची घाई, आणि बाह्या शिवणारा नि कॉलर शिवणारा नव्या मशिनीवरून एकमेकांवर गुरगुरायला लागले. मी टेबलावर हात आपटला. गप्प झाले... माझी पाठ वळेपर्यंत. मग इस्त्रीवाल्या मावशी, ज्या दिवसभरात चार शब्द बोलत नाहीत, त्यांनी आपला डबा उघडून दोघांच्या मध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "आधी खा." संपलं! संध्याकाळी एक कापड धरतोय, दुसरा शिवतोय. पण धाक कुणाचा? माझाच ना? बावीस वर्षं कात्री माझ्या हातात आहे हो!

दहाव्या दिवशी तिनं वही पुढं केली. माझ्या पानावर अकरा रेघा. मावशींचं पान भरून मागच्या पानावर गेलेलं. म्हटलं, अगं, तुझी मोजणी चुकली असेल.

ती म्हणाली, "मामा, माकडांत दांडगा असेल तो मोठा. माणसं एकमेकांना धरून राहिली म्हणून तगली, म्हणून आपल्यात मोठं व्हायची आणखी एक वाट आहे. ज्याच्यापाशी सगळ्यांचं निभतं, त्याच्याकडे नजर आपोआप जाते."

वाईट वाटलं हो, खरंच वाटलं. बावीस वर्षं कात्री माझ्या हातात, आणि रेघा अकरा? आणि नेमकं तेव्हाच आठवलं, गेल्या साली मी महिनाभर तापानं अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा माझी कात्री रोज पुसून, तेल देऊन कुणी ठेवली होती? मावशींनीच. सांगितलंही नाही कधी. आता असल्या बाईवर रागवायचं तरी कसं?

पण भाचीवर रागवायला काय हरकत आहे! म्हटलं, आज सगळ्यांसमोर हिला दाखवतोच मास्तर म्हणजे काय ते. उभा राहिलो, छाती फुगवली, दमदार श्वास घेतला, आणि तोंड उघडायच्या आधी... अहो, सवयीनं, निव्वळ सवयीनं... बघितलं मावशींकडे. त्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून. मी श्वास सोडून दिला नि खाली बसलो.

आणि भाचीनं आणखी एक रेघ ओढली. मावशींच्याच पानावर हो, दुसरं कुठं!