आजी नापास

...आणि वर ती नर्सबाई मलाच विचारते, "आजी, याआधी कधी बाळ हातात घेतलंय का?" घेतलंय का! अहो, तुम्हाला सांगते, चार पोरं वाढवली मी, आणि चारही जिवंत आहेत! आणखी काय पुरावा हवा? पण नाही... सूनबाईचं फर्मान! हॉस्पिटलातला आजी-आजोबांचा वर्ग पास झाल्याशिवाय नातीला एकटीने सांभाळायचं नाही. नात पहिलीच, एवढीशी, आणि आजवर ती माझ्या मांडीवर आली की शेजारी कोणीतरी पहाऱ्याला उभं! मला एकच दुपार हवी होती हो. दार लावलेलं, आम्ही दोघीच, आणि "आई, मान धरा, मान धरा" म्हणणारं कोणी नको. तेवढ्यासाठी गेले त्या वर्गाला, नाक मुठीत धरून.

आमच्या वेळी कसला वर्ग आणि कसलं काय! पोरं सकाळी बाहेर सोडायची, भूक लागली की येतात आपोआप. रात्री आडवी झालेली डोकी मोजायची, चार भरली की दिवा बंद. एकदा चार भरली, सकाळी बघते तर त्यातलं एक शेजारणीचं! आमचं तिकडे, तिचं इकडे! मी गॅलरीतून ओरडले, "अहो, तुमचा इकडे आलाय!" तर म्हणते कशी, "असू द्या हो, आंघोळ घालूनच पाठवा!" दुपारी आम्हा बायकांचा पत्त्यांचा डाव... धाकटी रांगायची, तर तिला खाटेच्या पायाला दोरीने बांधायची. लांब दोरी हं! पोरांना कोंडून घालणाऱ्यातली नव्हे मी. तिसऱ्याने बुटाचं पॉलिश खाल्लं. नेला डॉक्टरांकडे, तर डॉक्टर विचारतात, "काळं की तपकिरी?" म्हटलं, काळं. म्हणाले, "मग काही नाही." झालं! आज तोच पोरगा साहेब आहे, चारही जिवंत आहेत! काय सुखाचे दिवस होते ते...

तर वर्गात एक रबरी बाहुली. पोटात दिवा. मान लटकली की दिवा लाल आणि कर्रर्र करून भोंगा! नर्सबाई म्हणाली, "उचला." मी उचलली, जशी उचलतात तशी, एका दंडाला धरून. कर्रर्र! म्हणाली, "आता जरा खेळवा." मी वर उडवली आणि झेलली. झेलली हो, पाडली नाही! तरी कर्रर्र! नर्सबाई किंचाळली, "आजी, बाळ गेलं!" म्हटलं, "रबराचं आहे, कुठे जातंय! चार वाढवली मी, चारही जिवंत आहेत!"

आणि तेव्हा कोणी बोलावं? माझ्या दोन नंबरच्याने, म्हणजे छोटीच्या, माझ्या नातीच्या बापाने! मागे सूनबाईशेजारी भिंतीला टेकून उभा होता. "जिवंत आहोत, पण तुझ्यामुळे नाही." भर वर्गात! "मला शिंप्याकडे विसरून सिनेमाला गेली होतीस तू." विसरले? ठेवला होता! कापड टाकायला गेले, मैत्रीण भेटली, तिच्याकडे तिकिटं होती, पोराला अंधारात कुठे न्या म्हणून ठेवला! आता घरी येऊन ताटं मांडेपर्यंत आठवण झाली नाही, ती गोष्ट वेगळी. पण शिंप्याने बिचाऱ्याने उरलेल्या कापडाची चड्डी शिवून दिली होती, फुकट! ते नाही सांगितलं कार्ट्याने. म्हणे, "अजून कात्रीचा आवाज आला की मला घाम फुटतो." म्हटलं, "म्हणून का रे केस आपणहून निघून गेले?" सगळा वर्ग हसला. सूनबाई हसली नाही. तिने नवऱ्याचा हात धरला आणि माझ्याकडे असं काही बघितलं... मला कळलं, माझी दुपार गेली.

मग उठले आमचे हे. चार पोरं झाली, या माणसाने कधी एक लंगोट बदलला नाही. थोरला कितवीत आहे विचारलं तर, "असेल कुठल्या तरी." पोर रडलं की पेपर जरा उंच धरायचे, बस्स! तो माणूस बाहुलीपुढे उभा राहून विचारतो, "डोकं कुठल्या बाजूला?" म्हटलं, आता वाजतंय! कसलं काय... सांगितलं तसं केलं, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. दिवा हिरवा! टाळ्या! आणि नर्सबाई म्हणते, "आजोबांना सवयीच नाहीत ना कसल्या, म्हणून पटकन शिकले. आजींचं आता काही होणं कठीण आहे." ऐकलंत? काही केलं नाही, हाच यांचा गुण! सूनबाई अगदी मधाळ आवाजात, "आई, वाईट वाटून घेऊ नका हं. बाबा जवळ असतील तेव्हा घेत जा की तुम्ही." वाटलं. का वाटू नये? घरी येईपर्यंत रडले मी, आणि हे शेजारी बसून आपल्याच हातांकडे कौतुकाने बघत होते!

काल पहिला दिवस. सून कामावर, मुलगा कामावर. हे छोटीला घेऊन खुर्चीत, मान धरून, पाठ ताठ, फोटोला बसल्यासारखे. छोटीने भोकाड पसरलं. हे मान धरून! ती लालबुंद झाली, तरी हे मान धरूनच! शेवटी म्हणतात, "अगं, हे वर्गात शिकवलं नव्हतं." घेतली मी. खांद्यावर टाकली, थोपटलं, खोलीत फेऱ्या मारल्या, कानाशी काहीबाही पुटपुटले. गप्प! माझ्या गळ्यात नाक खुपसून झोपली, आणि तुम्हाला सांगते, तो एवढासा गरम श्वास... मला दुसरं काही नको होतं हो. तेवढ्यात दाराला किल्ली लागली. "दे, दे, लवकर इकडे दे, तू नापास आहेस!" दिली. सून आत आली, "अय्या, बाबा! किती छान झोपवलंत!" आणि हा माणूस म्हणतो काय, "त्यात काय गं, मान नीट धरली की झालं."

अशा एकेक शिव्या आल्या जिभेवर... इतक्या वर्षांच्या द्यायच्या राहिलेल्या, सगळ्या एकदम! पण गिळल्या. तोंड उघडलं असतं तर छोटी जागी झाली असती ना!