आठ दिस आडवं पडायचं

बोटं? कसली बोटं, डाक्टर? मला तुमचा हातच दिसंना, बोटं कुठनं मोजू? सगळं धुकं. वरवंडवरनं दौंडच्या शाळंतल्या ह्या डोळ्यांच्या शिबिरापतूर सुनंचा पदर धरून आले, इचारा तिला — न्हाई, तिला नका इचारू, ती बाहेर बसलीया, बसू द्या. तुम्ही आपलं कागदावर लिवा, सोजरबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आन् घ्या आपरेशनला.

कशानं झाला म्हणता? वयानं. मघाशी तुम्हीच दगडोबा आबांना सांगत व्हता, केस पिकत्यात तसं डोळ्यातलं भिंगबी पांढरं हुतं — तसंच माझं. वय दिसत न्हाई? आता काया काटक हाय त्याला मी काय करू. बरं, वयानं नसंल तर मारानं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना कपची उडाली, थेट डोळ्यात. रांगेत माझ्या म्होरं व्हता त्या संपतला तसंच झालं, त्याला घेतलंत की तुम्ही. — कोणत्या डोळ्यात? ह्या. न्हाई, ह्या. दोन कपच्या उडाल्या, डाक्टर. हसू नका. मग साखरंचा धरा. भिमाजीच्या लघवीत साखर निघाली, म्हणून त्याचा लवकर वाढला म्हणालात — मी तर चहात दोन चमचे घेते, कपाला. ती साखर न्हाई चालत? मग जन्माचाच लिवा. अंजनाच्या तान्ह्याच्या बाहुलीत पांढरा ठिपका हाय, तसा — त्या लेकराला मातूर आधी घ्या हं. मी थांबंन.

एवढी हौस कशाची म्हणता? हौस न्हाई. आमच्या शेजारच्या म्हाळसाचं झालं ना मागच्या शिबिरात. आठ दिस उताणी. डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या — मान हलवायची न्हाई, वाकायचं न्हाई, खोकायचंसुदिक न्हाई. मी बघाया गेले तर सून चमच्यानं शिरा भरवतीया. एरवी हिला कांदा फोडून द्यायची न्हाई, तीच. आन् ही पडल्या पडल्या म्हणती, तूप कमी पडलं. मी दारातच उभी राहिले. परकरात नांदाया आले मी, डाक्टर. दिवसा पाठ टेकली ती बाळंतपणात, तीबी सटवी पुजंपतूर. आता कुणीतरी आठ दिस म्हणावं, सोजरबाई, हलू नका. एवढंच.

तर लिवा. आन् आधी खिसा बघा, पेन गळतंय, एवढा नवाकोरा सदरा निळा केलात. अंगठीबी नवीच दिसतीया, लगीन यंदाचं का?

दिसतीया म्हंजी — चमकली. चमकलेलं आंधळ्यालाबी कळतं. तसं न्हाई, मघाशी सून म्हणत व्हती — व्हय, ती बाहेरच बसलीया. बरं. धरलंत तुम्ही. दिसतं सोजरबाईला, सुईत दोरा ओवते अजून. झालं समाधान? उठू?

आता हात कशाला लावता? बरं, झाका. उजवा झाका. हं, मोजते — आता लबाडी न्हाई, पोराच्यान खरं सांगते. दाखवा बोटं.

दाखवा की.

दाखवलीत?

थट्टा नका करू, डाक्टर, मी आता खरं बोलतीया. हात कुठं धरलाय तुम्ही? इथं तर नुसतं दूध. दुधापल्याड काय न्हाई. — कवापासनं, ते मला काय ठावं. एक डोळा झाकून कोण कवा बघतंय? भाकरी दोन डोळ्यांनी थापत्यात.

हात काढा. काढा म्हणते ना. — उद्याच आपरेशन? उद्या कसं जमंल, म्हशीची धार कोण काढणार? सुनंला आचळाला हात लावू देत न्हाई म्हस. चुलीला पोतेरं मीच देते, पोरांची शाळा हाय — आठ दिस काय खायचं काम हाय? सरा बाजूला. पुढल्या बाईला बोलवा.